मणका खचला, पण कधी आणि कशामुळे?

खाली वाकून पाण्याची बादली उचलली, रिक्षा खड्ड्यात आदळली किंवा नुसती जोराची शिंक आली, एवढ्या क्षुल्लक निमित्तानेही साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पाठीत असह्य कळ उठते आणि अंथरुणावरून उठणेही अशक्य होऊन बसते. घरच्या घरी ‘उसण भरली’ असे निदान होते. तेल चोळणे, शेक घेणे, कमरेला पट्टा बांधणे सुरू होते. आठ-दहा दिवसांनी पाठीचा ‘फोटो’ काढला जातो आणि मणका खचल्याचे कळते.

यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. ‘वयोमानाने असे व्हायचेच’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते किंवा मणक्यात सिमेंट भरून घेण्याची घाई होते. या दोन्हींत तीन साधे प्रश्न विचारायचे राहून जातात. दुखणारा मणका नेमका कोणता? तो कधी मोडला? आणि कशामुळे मोडला? साध्या क्ष-किरण चित्रातून मणका खचला आहे एवढे दिसते. या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातून क्वचितच पूर्णपणे मिळतात. ती मिळाल्याशिवाय केलेला उपचार निष्फळ ठरू शकतो आणि काही वेळा घातकही.

मणका खचतो म्हणजे काय?

मानेचे ७, छातीच्या भागातले १२ आणि कमरेचे ५ अशा २४ सुट्या मणक्यांची चळत, त्याखाली त्रिकास्थी आणि शेवटी माकडहाड, अशी आपल्या पाठीच्या कण्याची रचना असते. प्रत्येक मणक्याचा पुढचा, दंडगोलासारखा भाग शरीराचा भार पेलतो. त्याचे बाहेरचे कवच पातळ असते आणि आत हाडांच्या बारीक तंतूंची जाळी असते. जाळीच्या पोकळ्यांत अस्थिमज्जा भरलेली असते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे प्रमाण घटले, की ही जाळी विरळ होऊ लागते. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये, मग तो पुरुष का असेना, हाच ऱ्हास अधिक वेगाने होतो. यालाच आपण हाडांचा ठिसूळपणा किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतो.

विरळ झालेला मणका भार सोसेनासा झाला, की बहुधा पुढच्या बाजूने दबतो आणि पाचरीसारखा आकार घेतो. छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका, म्हणजे ताठ छाती आणि लवचिक कंबर यांचा सांधा, येथे असे अस्थिभंग सर्वाधिक होतात. एकामागून एक मणके असे दबत गेले, की पाठीला पोक येते, उंची घटते आणि वरच्या फळीवरचा डबा हाताला येईनासा होतो.

यातली महत्त्वाची बाब अशी, की मणक्यांच्या अशा अस्थिभंगांपैकी सुमारे एकतृतीयांशच त्या वेळी डॉक्टरांपर्यंत पोचतात. उरलेले कंबरदुखीच्या नावाखाली खपून जातात आणि आपोआप भरून येतात. साहजिकच सत्तरीच्या एखाद्या स्त्रीच्या कण्यात दोन-तीन मणके पूर्वीच खचलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. आज तिची पाठ दुखते आणि आजच्या चित्रात खचलेला मणका दिसतो, एवढ्यावरून तो मणकाच आजच्या दुखण्याचा धनी आहे, असे ठरवता येत नाही.

साध्या ‘फोटो’ची ताकद आणि मर्यादा

पहिली तपासणी म्हणून क्ष-किरण चित्र आजही योग्यच आहे. ते स्वस्त आहे, जवळपास सर्वत्र मिळते आणि बाजूने घेतलेल्या चित्रात मणक्याची उंची मोजता येते. रेडिओलॉजिस्ट हॅरी जेनंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी जगभर वापरली जाते. तीनुसार उंची २० ते २५ टक्क्यांनी घटली तर अस्थिभंग सौम्य, २५ ते ४० टक्क्यांनी घटली तर मध्यम आणि त्याहून अधिक घटली तर तीव्र समजला जातो.

मात्र ही प्रतवारी मणका किती दबला हे सांगते, कधी दबला हे सांगत नाही. दहा वर्षांपूर्वी अर्धा दबून भरून आलेला मणका चित्रात भीषण दिसतो आणि परवा मोडलेला, अजून फारसा न दबलेला मणका अगदी निर्दोष वाटू शकतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत काढलेले चित्र ‘नॉर्मल’ आले तरी मणका मोडलेला नाही, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

येथे एक फुकटचे साधन मात्र फार उपयोगी पडते. ते म्हणजे जुनी चित्रे. पाच वर्षांपूर्वी छातीचा किंवा पोटाचा एक्स-रे अथवा सीटी स्कॅन झाला असेल, तर त्यातही कण्याचा काही भाग आलेला असतो. त्या वेळी जो मणका दबलेला होता, तो आजही तेवढाच दबलेला असेल तर आजच्या कळीचे कारण बहुधा अन्यत्र शोधावे लागते. घरातील आवराआवरीत जुने फोटो रद्दीत टाकण्यापूर्वी याचा विचार अवश्य करावा.

उभे राहून आणि आडवे झोपून घेतलेल्या दोन चित्रांची तुलनाही उद्बोधक असते. उभे राहिल्यावर मणका अधिक दबतो आणि झोपल्यावर किंचित उघडतो, असे दिसले तर तो अद्याप सांधलेला नाही हे उघड आहे. काही वेळा अशा न सांधलेल्या मणक्याच्या आत वायूने भरलेली फट दिसते. जर्मन शल्यविशारद हर्मान क्युमेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात अस्थिभंग होऊन महिने उलटले तरी वेदना थांबत नाहीत.

एमआरआय काय दाखवतो?

मणका ताजा मोडलेला आहे की जुना, हे ठरवण्यासाठी आज सर्वाधिक विश्वासार्ह तपासणी म्हणजे एमआरआय. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाणी व चरबी यांतल्या हायड्रोजनकडून मिळणारे संकेत टिपून त्यांची चित्रे तयार करणारे हे तंत्र आहे. त्याच्या पायाभूत संशोधनासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरणांचा वापर नसतो.

वय वाढते तशी मणक्यांतील अस्थिमज्जेत चरबी वाढत जाते. मणका मोडला, की आतल्या जाळीचे तंतू तुटतात, रक्तस्राव होतो आणि द्रव साचून सूज येते. एमआरआयच्या ‘टी-१’ या प्रकारच्या चित्रात चरबी उजळ दिसते. सुजलेला मणका तेथे काळवंडतो. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या, ‘स्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रात याच्या उलट घडते. निरोगी मणके काळपट राहतात आणि सुजलेला मणका पांढराशुभ्र उठून दिसतो. मणका भरून आला, की हळूहळू तो शेजारच्या मणक्यांसारखाच दिसू लागतो.

याचा व्यवहारातला अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. साध्या चित्रात तीन मणके खचलेले दिसतात. एमआरआयमध्ये त्यांतला एकच उजळ निघतो. उरलेले दोन केव्हाच भरून आलेले असतात आणि त्यांना हात लावण्याचे काहीच कारण नसते. कधी याहून चकित करणारा प्रकार दिसतो: खचलेले तिन्ही मणके शांत आणि साध्या चित्रात धडधाकट भासलेला चौथाच मणका सुजलेला! एमआरआय केला नसता, तर सुई भलत्याच मणक्यात गेली असती.

तथापि, एमआरआय हे घड्याळ नव्हे. सूज साधारणपणे काही महिन्यांत ओसरते. काहींमध्ये ती त्याहून बराच काळ रेंगाळते. त्यामुळे सूज दिसली याचा अर्थ मणका अजून पूर्ण सांधलेला नाही एवढाच घ्यावा. शिवाय चित्रातला मणका आणि रुग्णाचे दुखणे यांची सांगड घालणे हे डॉक्टरांच्या हातांचे काम आहे. पाठीवर एकेक मणका दाबून किंवा हलकेच ठोकून पाहिल्यावर कळ जेथे उठते, ती जागा आणि सुजलेला मणका जुळायला हवा. मणका वर मोडलेला आणि दुखणे मात्र खाली कमरेत, असेही घडते. म्हणूनच रुग्णाला न तपासता केवळ अहवाल वाचून उपचार ठरवणे योग्य नाही.

सगळेच मणके ठिसूळपणाने मोडत नाहीत

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. मणका कशामुळे मोडला? स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा मणक्यांत पसरतो आणि मणका आतून पोखरला जाऊन खचतो. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग तर साध्या चित्रात ठिसूळपणाची हुबेहूब नक्कल करतो. केवळ वय पाहून ‘हाडे ठिसूळ झाली’ असा निष्कर्ष काढला, तर या आजाराचे निदान महिनोन् महिने लांबू शकते.

एमआरआयमध्ये त्याचे काही इशारे मिळतात. ठिसूळपणाने मोडलेल्या मणक्यात सुजेच्या बाजूला निरोगी मज्जेचा पट्टा बहुधा शिल्लक असतो. कर्करोगाने सबंध मणका व्यापलेला असू शकतो, त्याची मागची भिंत मज्जारज्जूच्या दिशेने फुगलेली असते, मणक्याच्या मागच्या कमानीकडे जाणारे हाडांचे खांबही ग्रासलेले असतात आणि भोवती मांसल गाठ दिसते. संशय उरलाच, तर सुईने मणक्याचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायॉप्सी, हाच अखेरचा पुरावा.

आपल्याकडे आणखी एका शक्यतेचा विसर पडून चालत नाही, ती म्हणजे क्षयरोग. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत. मणक्यांच्या क्षयाचे वर्णन इंग्लिश शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले. म्हणून त्याला पॉट्स डिसीज असेही म्हणतात. यात बहुधा शेजारचे दोन मणके आणि त्यांच्यामधली चकती असे तिन्ही बाधित होतात आणि बाजूच्या स्नायूंत पू साचतो. ठिसूळपणाच्या अस्थिभंगात चकती सहसा शाबूत राहते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री वाढणारे दुखणे ही लक्षणे असतील तर रक्ततपासण्या आणि एमआरआय लांबणीवर टाकू नयेत.

क्षयाचा मणका बहुतांश रुग्णांत औषधांनी बरा होतो. मात्र निदान न करता त्यात सिमेंट भरले, तर जंतुसंसर्गाच्या जागी बाहेरची वस्तू कायमची रोवल्यासारखे होते. म्हणूनच मणक्यात जंतुसंसर्ग असताना ही प्रक्रिया निषिद्ध मानली जाते.

सिमेंटचा उपचार आणि त्याची कसोटी

मणक्यात सिमेंट भरण्याच्या प्रक्रियेला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. फ्रान्समधील आमियां येथे १९८४ मध्ये पिएर गालिबेर आणि एर्वे देरामाँ यांनी ती प्रथम केली. त्यांच्या रुग्णाला ठिसूळपणाचा आजार नव्हता; मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती. पुढे हेच तंत्र ठिसूळपणाने खचलेल्या मणक्यांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाठीतून सुई मणक्यात नेली जाते आणि पातळसर सिमेंट आत सोडले जाते. काही मिनिटांत ते घट्ट होते. आधी मणक्यात फुगा फुगवून जागा करून मग सिमेंट भरले, तर त्या प्रक्रियेला कायफोप्लास्टी म्हणतात.

सुरुवातीचे अनुभव उत्साहवर्धक होते. परंतु २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि खळबळ उडाली. एकात ७८ आणि दुसऱ्यात १३१ रुग्ण होते. काहींना खरे सिमेंट दिले गेले, तर काहींवर भूल देऊन केवळ प्रक्रियेचा आभास निर्माण केला गेला. दोन्ही गटांतील रुग्णांना सारखाच आराम पडला!

यावर घेतला गेलेला मुख्य आक्षेप आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. या अभ्यासांत वर्षभरापर्यंतचे जुने दुखणे असलेले रुग्णही होते आणि मोठ्या अभ्यासात अस्थिभंगाचे वय अनिश्चित असेल तेव्हाच एमआरआय किंवा हाडांचा स्कॅन सक्तीचा होता. भरून आलेल्या मणक्यात सिमेंट घालून आराम पडणार कसा, असा टीकाकारांचा सवाल होता.

मग निवड अधिक काटेकोर करून अभ्यास झाले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हर्टोस-२’ या अभ्यासात सहा आठवड्यांच्या आतले दुखणे आणि एमआरआयमध्ये सूज, या अटी होत्या. त्यातील २०२ रुग्णांत सिमेंटचा फायदा दिसला. मात्र कोणाला कोणता उपचार मिळाला हे त्यांना ठाऊक होते. या अभ्यासातला आणखी एक आकडा विशेष बोलका आहे. निकषांत बसलेल्या ४३१ रुग्णांपैकी २२९ जणांचे दुखणे तपासण्या सुरू असतानाच आपोआप कमी झाले होते.

ऑस्ट्रेलियातील ‘व्हेपर’ या २०१६ च्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या आतला अस्थिभंग आणि तीव्र वेदना असलेले १२० रुग्ण होते. चौदा दिवसांनंतर सिमेंट मिळालेल्यांपैकी ४४ टक्के, तर आभासी प्रक्रिया झालेल्यांपैकी २१ टक्के रुग्णांची वेदना दहापैकी चारच्या खाली आली. याउलट २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या ‘व्हर्टोस-४’मध्ये एमआरआयमध्ये सूज असलेलेच १८० रुग्ण निवडूनही दोन्ही गटांच्या वेदनांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यानेही सरसकट सिमेंट भरण्याला अनुकूल कौल दिला नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष असा, की मणका ताजा मोडलेला असणे ही या उपचाराची आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही. एमआरआयमध्ये सूज नसेल, तर सिमेंटचा विचार सहसा करूच नये. सूज असेल तरीही वेदनाशामके, थोडे दिवस विश्रांती आणि बेताची हालचाल यांना आधी संधी द्यावी. तीव्र कळांनी रुग्ण खिळून पडला आहे, औषधे सोसत नाहीत आणि अस्थिभंग अगदी अलीकडचा आहे, अशा मोजक्यांसाठीच सिमेंटचा पर्याय खुला ठेवावा.

सुई टोचण्यापूर्वीची आणखी पाहणी

सिमेंट भरायचे ठरलेच, तर सीटी स्कॅनची भूमिका सुरू होते. हाडांचा बारीक तपशील सीटीइतका स्पष्ट एमआरआयमध्ये दिसत नाही. मणक्याची मागची भिंत फुटली आहे का, हाडाचा तुकडा मज्जारज्जूकडे सरकला आहे का, सिमेंट बाहेर झिरपेल अशी भेग आहे का, हे त्यातून कळते. झिरपलेले सिमेंट बहुतेक वेळा उपद्रव देत नाही. परंतु क्वचित ते मज्जारज्जूवर किंवा नसेवर दाब आणते आणि शिरांवाटे फुप्फुसापर्यंतही पोचू शकते.

मणक्यांची मोजणी हीदेखील वाटते तितकी सोपी बाब नाही. काहींच्या कमरेत पाचाऐवजी चार किंवा सहा मणके मोजले जातात. एमआरआयमध्ये एका बाजूने आणि शस्त्रक्रियागृहात दुसऱ्या बाजूने मोजणी केली, तर क्रमांक चुकण्याचा धोका असतो. म्हणून मोजणी कोठून केली, याची नोंद अहवालात असणे आवश्यक आहे.

सर्वांनाच एमआरआय करता येतो असे नाही. जुन्या धाटणीचा पेसमेकर असलेल्यांना तो वर्ज्य असू शकतो. काहींना बंद नळीत जीव गुदमरल्यासारखा होतो. त्यांच्यासाठी सीटी स्कॅन आणि किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून केलेला हाडांचा स्कॅन, ही जोडी उपयोगी पडते. मात्र वृद्धांत अस्थिभंगानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हा स्कॅन निर्दोष दिसू शकतो आणि हाड सांधत आल्यावरही कित्येक महिने मणका त्यात ‘पेटलेला’ दिसत राहतो, हे लक्षात ठेवावे.

केव्हा घाई करावी?

प्रत्येक पाठदुखीसाठी एमआरआय करायला धावणेही चुकीचेच. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत थांबते आणि त्यात तपासण्यांचा फारसा लाभ होत नाही. परंतु पुढील परिस्थितीत विलंब करू नये.

• पायांतली शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा शौचावरचा ताबा जाणे. असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.
• ताप, कारण नसताना घटणारे वजन, विश्रांतीनेही न थांबणारे रात्रीचे दुखणे.
• पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग झालेला असणे.
• दीर्घकाळ स्टिरॉइडचे सेवन किंवा साठीनंतर किरकोळ निमित्ताने अचानक उठलेली तीव्र कळ.

आणि सिमेंट भरण्याचा सल्ला मिळाला, तर रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना नम्रपणे एवढे अवश्य विचारावे: एमआरआयमध्ये सूज असलेला मणका आणि दुखण्याची जागा जुळते का? कर्करोग आणि जंतुसंसर्ग यांची शक्यता पडताळली आहे का? आणखी काही आठवडे औषधांवर थांबण्यात धोका आहे का? या प्रश्नांनी कोणाही जाणत्या डॉक्टरला राग येणार नाही.

मोडलेल्या मणक्यापलीकडे

वेदना शमल्या, की बहुतेक घरांत हा विषय संपतो. खरे तर तेथूनच महत्त्वाचा उपचार सुरू व्हायला हवा. २००१ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मणका नव्याने मोडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एकपंचमांश स्त्रियांचा वर्षभरात आणखी एखादा मणका मोडल्याचे आढळले. सिमेंट भरले काय किंवा न भरले काय, उरलेले मणके ठिसूळच राहतात.

म्हणून ‘डेक्सा’ या तपासणीने हाडांची घनता मोजून घ्यावी. तिच्यातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस समजला जातो; मात्र किरकोळ निमित्ताने मणका मोडला असेल आणि त्यामागे दुसरा आजार नसेल, तर हा आकडा काहीही असो, हाडे ठिसूळ झाली आहेत असेच धरावे लागते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे, हाडे बळकट करणारी औषधे नियमित घेणे आणि घरात पाय घसरून पडणार नाही याची तजवीज करणे, हे सारे त्या पुढच्या मणक्यासाठी असते. ही औषधे, विशेषतः सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन, परस्पर बंद करू नयेत; ते अचानक थांबवल्यास एकाहून अधिक मणके मोडण्याचा धोका संभवतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एमआरआयच्या नव्या पाकिटासोबत जुनी पाकिटेही पिशवीत घालावीत. उपचाराचा निर्णय त्या दोहोंच्या तुलनेवरच अधिक नेमका होतो.